माउंट प्लेझंटचा आठवडा : आयोवातले जुने ट्रॅक्टर

आयोवात जून ते सप्टेंबर दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात जुन्या ट्रॅक्टरांचं प्रदर्शन भरतं. ४ जुलैच्या मिरवणुकीत, जिल्ह्याच्या जत्रेत, चर्चमागच्या मैदानात ऐंशी-नव्वद वर्षांची यंत्रं स्वतःच्या इंजिनवर चालत येतात, हे महत्त्वाचं. काचेआड ठेवलेली आणि दोरी बांधलेली यंत्रं मला आवडत नाहीत. इथे धूर निघतो, जमीन हादरते, तेलाचा वास कपड्यांत दोन दिवस राहतो.

आम्ही सीडर फॉल्सला राहतो. मागच्या गल्लीतले आजोबा शेती मुलाकडे सोपवून गावात राहायला आले, पण येताना वडिलांनी घेतलेला १९४४चा जॉन डिअर मॉडेल बी घेऊन आले. माझे वडील, आप्पा, मे महिन्यात पलूसहून आमच्याकडे आले आणि जून संपायच्या आत त्यांची सकाळ आजोबांच्या गॅरेजमध्ये जाऊ लागली. भाषेचा प्रश्न आला नाही. कोणत्या मापाचा पाना हवा हे बोटांनी सांगता येतं. जुलैभर आम्ही तिघं जवळपासच्या गावांतून हिंडलो. ऑगस्टच्या शेवटी ठरलं की आधी उत्तरेकडची दोन ठिकाणं बघायची आणि मग लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीच्या, आठवड्यात माउंट प्लेझंट.

शुक्रवार, चार्ल्स सिटी

उत्तरेला तासाभराचा रस्ता. दोन्हीकडे मका डोक्याच्या वर गेलेला. हे छोटं गाव ट्रॅक्टरच्या इतिहासात फार मोठं आहे. चार्ल्स हार्ट आणि चार्ल्स पार हे दोघे मॅडिसनच्या विद्यापीठात एकत्र शिकले, तिथेच त्यांनी इंजिनं बनवायला सुरुवात केली आणि मग हार्टच्या या गावी कारखाना हलवला. १९०२मध्ये त्यांचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. त्याआधीही लोकांनी एखाददुसरं यंत्र बनवलं होतं, पण ट्रॅक्टर हाच धंदा म्हणून चालवणारे हे पहिले.

इथल्या संग्रहालयात हार्ट-पार जवळून बघता येतात. समोर चौकोनी उंच मनोरा दिसतो, तो रेडिएटर. त्यात पाणी नसून तेल असायचं. इथल्या हिवाळ्यात पाणी गोठून इंजिन फुटतं, तेल गोठत नाही. शिवाय तेलामुळे इंजिन पाण्यापेक्षा जास्त गरम ठेवता येतं आणि मग स्वस्तातलं रॉकेल नीट जळतं. एका युक्तीत दोन कामं! आप्पा त्या मनोऱ्याभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "एवढ्या वजनाचं धूड आपल्या काळ्या रानात घातलं तर पावसाळ्यात तिथंच राहायचं." खरं आहे. ही यंत्रं पश्चिमेकडची गवताळ माळरानं पहिल्यांदा फोडण्यासाठी होती, ऊस-भुईमुगाच्या तुकड्यांसाठी नव्हेच.

१९२९मध्ये हार्ट-पार ऑलिव्हर कंपनीत विलीन झाली. पुढे मालक बदलत गेले आणि १९९३मध्ये कारखाना बंद पडला. जिथे हजारो ट्रॅक्टर तयार झाले तिथे आता कारखाना उभा नाही. आप्पांना हे ऐकून फार वाईट वाटलं. किर्लोस्करवाडी आमच्या शेजारची. १९१०मध्ये निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेली. कारखान्याचा भोंगा ऐकून वाढलेल्या माणसाला कारखान्याचं गाव म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

शनिवार, फ्रोलिक

ईशान्येला मिसिसिपी जवळ आली की आयोवा सपाट राहत नाही, डोंगर-दऱ्या सुरू होतात. त्या चढउतारांत फ्रोलिक नावाची चार घरांची वस्ती आहे. जॉन फ्रोलिक हा इथला धान्याचा व्यापारी. दरवर्षी वाफेचं इंजिन आणि मळणीयंत्र घेऊन तो डाकोटाच्या गव्हाच्या पट्ट्यात कामाला जायचा. वाफेच्या इंजिनाला कोळसा लागतो, पाणी लागतं, आणि ठिणगी उडाली की पेंढा पेटतो. १८९२मध्ये त्याने सिनसिनाटीच्या व्हॅन ड्युझेन कंपनीचं एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणून वाफेच्या गाड्याच्या सांगाड्यावर बसवलं. ते पुढे जायचं आणि मागेही यायचं. त्या हंगामात साउथ डाकोटात लँगफर्डजवळ त्याने त्याच यंत्रावर मळणी केली.

१८९३मध्ये वॉटर्लूला कंपनी निघाली. दोन ट्रॅक्टर विकले गेले आणि दोन्ही परत आले. फ्रोलिक बाहेर पडला, कंपनी इंजिनं बनवत राहिली, पुढे 'वॉटर्लू बॉय' ट्रॅक्टर काढला आणि १९१८मध्ये जॉन डिअरने ती विकत घेतली. आज पुण्याजवळ सणसवाडीला हिरवे ट्रॅक्टर तयार होतात, त्यांचा धागा या चार घरांपर्यंत येऊन पोचतो. संग्रहालयात फ्रोलिकच्या यंत्राची प्रतिकृती आहे. उभा सिलिंडर, उघडे दाते, बसायला जवळजवळ काहीच नाही. ते बघताना मला त्या हंगामातल्या मजुरांचं कौतुक वाटलं. त्यांनी या न पाहिलेल्या गोष्टीवर पट्टा चढवला.

सोमवार, वॉटर्लू

घराजवळचंच जॉन डिअरचं संग्रहालय. स्वच्छ, मोठं, सगळं चकचकीत. मुलांना घेऊन जायला उत्तम. आम्ही तासाभरात बाहेर पडलो, कारण आजोबांचं लक्ष उद्याच्या कामाकडे होतं.

मंगळवार, गॅरेज

आज आजोबांचा मॉडेल बी ट्रेलरवर चढवायचा. त्याआधी चालू करायचा, आणि हा सोहळा सविस्तर सांगायलाच हवा.

मॉडेल बी १९३५ ते १९५२ या काळात तीन लाखांहून जास्त विकला गेला. दोनच सिलिंडर, तेही आडवे. डाव्या अंगाला उघडं जाडजूड चाक, म्हणजे फ्लायव्हील. आजोबांच्या बीला सेल्फ नाही, हे चाक हाताने फिरवूनच इंजिन चालू होतं. आधी पेट्रोलची तोटी उघडायची. हा ट्रॅक्टर पेट्रोलवर उठतो आणि गरम झाला की रॉकेलसारख्या स्वस्त इंधनावर चालतो, त्यासाठी वर टाक्याही दोन. मग दोन्ही सिलिंडरच्या बाजूच्या छोट्या तोट्या उघडायच्या, म्हणजे आतला दाब बाहेर जातो आणि चाक हलकं होतं. थ्रॉटल थोडा पुढे, चोक ओढलेला. चाकाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून एक झटका. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोतून स्प्रिंग सुटल्याचा 'टक' आवाज येतो. तो ऐकू आला की ठिणगी पडली असं समजायचं. दुसऱ्या झटक्याला तोट्यांतून फस्सकन् धूर आणि इवलीशी ज्योत. इंजिन लागलं की पटापट तोट्या बंद.

आणि मग तो आवाज. या इंजिनात दोन्ही दट्टे, म्हणजे पिस्टन, एकमेकांच्या उलट चालतात, त्यामुळे दोन स्फोट लागोपाठ होतात आणि पुढचा अर्धा वेळ मोकळा जातो. पुक्-पुक्... पुक्-पुक्... मध्ये दम घेतल्यासारखं. शेतकरी लाडाने याला 'जॉनी पॉपर' म्हणायचे. १९६०मध्ये कंपनीने चार आणि सहा सिलिंडरची नवी पिढी आणली आणि हा आवाज नव्या ट्रॅक्टरांतून गेला.

आप्पांनी तोट्या बघितल्या आणि त्यांना विहिरीवरचं किर्लोस्कर इंजिन आठवलं. तिथेही दाब सोडायची कळ वर धरायची, हँडल मारून चाकाला गती द्यायची आणि कळ सोडायची. डिझेल असो की पेट्रोल, हाताने इंजिन उठवायचं तर आधी दाब सोडावा लागतो. आजोबांनी तिसऱ्यांदा इंजिन बंद केलं आणि चाकाकडे हात करून आप्पांना पुढे बोलावलं. आप्पांनी धोतराचा सोगा खोचला. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं.

बुधवार, रस्ता

सीडर रॅपिड्स, आयोवा सिटी, मग २१८ नंबरच्या हायवेने दक्षिणेला. सव्वादोनशे किलोमीटर. आयोवा सिटीच्या पुढे हायवेवर सगळीकडे ट्रेलर दिसू लागले. लाल, हिरवे, नारिंगी, पिवळे ट्रॅक्टर साखळदंडांनी बांधलेले. ओव्हरटेक करणारा प्रत्येक जण हात दाखवून जात होता. संध्याकाळी माउंट प्लेझंटच्या मॅकमिलन पार्कमध्ये पोचलो. छावणीत जागा मिळाली. रात्री चटणी-भाकरी खाऊन झोपलो.

गुरुवार, रांगा

'मिडवेस्ट ओल्ड थ्रेशर्स रियुनियन' १९५०पासून भरतं. सुरुवातीला वाफेच्या इंजिनांवर मळणी केलेली माणसं एकत्र येऊन जुनी यंत्रं चालवून बघायची, तिथून ते आजच्या आकाराला आलं. आवारात अरुंद रुळांवरची वाफेची आगगाडी आहे, ट्राम आहे, जुन्या लाकडी घरांचं गाव आहे.

ट्रॅक्टर रंगांप्रमाणे उभे राहतात. हिरव्यांची रांग, लालांची रांग, अॅलिस-चाल्मर्सची नारिंगी रांग. या अॅलिसवाल्यांचा अभिमान रास्त आहे. १९३२पर्यंत ट्रॅक्टरला लोखंडी चाकं असायची. अॅलिसने विमानाचे टायर बसवून बघितले आणि रबरी चाकांचा काळ सुरू झाला. लोकांचा विश्वास बसावा म्हणून मोटार-शर्यतींचा नामांकित चालक बार्नी ओल्डफिल्डला ट्रॅक्टरवर बसवलं आणि १९३३मध्ये त्याने ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग गाठला. आजोबांच्या बीची गोष्ट मात्र उलटी. १९४४मध्ये युद्धामुळे रबर मिळत नव्हतं, म्हणून तो लोखंडी चाकांवर आला. टायर नंतर चढले.

या रांगांमध्ये एक वाद कायम चालू असतो. ट्रॅक्टर नव्याने रंगवायचा की आहे तसा ठेवायचा? काही जण नट-बोल्टासकट सगळं सोडवून, आरशासारखा रंग देऊन आणतात. कष्ट प्रचंड असतात, हे मान्य. पण माझं मत पक्कं आहे, मूळ रंग शिल्लक असेल तर त्याला हात लावू नये. आजोबांच्या बीवर हिरवा रंग फिका होऊन काही ठिकाणी लोखंड दिसतं. क्लचचा दांडा हाताने ओढायचा असतो. त्याची मूठ एका बाजूने झिजून सपाट झालीये. पत्र्याच्या सीटला डाव्या कडेला चीर आहे आणि तिच्यावर गावच्या लोहाराने मारलेलं वेल्डिंग. आजोबांचे वडील मागच्या नांगराकडे बघायला नेहमी डावीकडे वळायचे, म्हणून तिथेच चीर पडली. नवा रंग मारला की हे सगळं पुसलं जाईल.

प्रत्येक ट्रॅक्टरपुढे माहितीचं कार्ड असतं आणि बऱ्याच कार्डांवर नेब्रास्का चाचणीचा क्रमांक. आप्पांनी विचारलं हा काय आकडा. विल्मट क्रोझियर नावाच्या नेब्रास्काच्या शेतकऱ्याने 'फोर्ड' नावाचा ट्रॅक्टर घेतला. तो हेन्री फोर्डचा नव्हताच. मिनियापोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाच्या माणसाचं नाव वापरलं होतं. ट्रॅक्टर कुचकामी निघाला. क्रोझियर पुढे आमदार झाला आणि १९१९मध्ये कायदा आला, की विद्यापीठाने चाचणी घेऊन आकडे जाहीर केल्याशिवाय नेब्रास्कात ट्रॅक्टर विकता येणार नाही. १९२०मध्ये पहिली पूर्ण चाचणी झाली ती वॉटर्लू बॉयची. जाहिरातीतली अश्वशक्ती आणि खरी अश्वशक्ती यातला फरक शेतकऱ्याला पहिल्यांदा कागदावर मिळाला. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुदनीला ट्रॅक्टरांची चाचणी होते, ती याच विचाराची. एका फसवल्या गेलेल्या शेतकऱ्याने घडवलेली ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी मिरवणूक. आजोबा चालवत होते, मडगार्डवर आप्पा नव्हते, कारण दुसऱ्या माणसाला बसायला परवानगी नाही. ते कुंपणाजवळ उभे राहून डोळे मिटून फक्त ऐकत होते.

शुक्रवार, लाल रांग

लाल म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टर. १९२४च्या फार्मॉलपासून सुरुवात. त्याआधीचे ट्रॅक्टर नांगरायचे आणि पट्ट्यावर यंत्र फिरवायचे, पण उभ्या पिकात कोळपणी घोड्यांनीच व्हायची. फार्मॉलची पुढची चाकं जवळजवळ, मागचा धुरा उंच. पिकाच्या ओळी अंगाखालून जातात. एका ट्रॅक्टरवर सगळी शेती शक्य झाली ती इथून. थोडं पुढे १९३९चा करडा फोर्ड ९एन. आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी १९३८मध्ये हस्तांदोलनावर केलेल्या कराराचं फळ. फर्ग्युसनची तीन दांड्यांची जोडणी आणि हायड्रॉलिकची उचल यात होती. नांगर अडकला की जुने हलके ट्रॅक्टर पुढून उचलले जाऊन चालकाच्या अंगावर उलटायचे. या जोडणीत तेच ओझं पुढच्या चाकांना खाली दाबून ठेवतं. आज सांगली जिल्ह्यात रोटाव्हेटर असो की पलटी नांगर, याच तीन दांड्यांवर चढतो.

आणि मग आप्पा थांबले.

रांगेच्या टोकाला, मोठ्या फार्मॉलांच्या मानाने लहान, एक इंटरनॅशनल बी-२७५. आप्पांनी मला हाक मारली नाही, सरळ जवळ गेले. "आपलाच की रे हा."

हा ट्रॅक्टर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातला. तिथून तो अमेरिकेतही विकायला आला होता. १९६३मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली आणि कांदिवलीत हाच बी-२७५ बनू लागला. आप्पांच्या वडिलांनी भूविकास बँकेचं कर्ज काढून, नंबर लावून घेतलेला तो हाच. आप्पांनी त्यावर भावकीची निम्मी रानं नांगरली, साखर कारखान्याला ऊस घातला. गेली कित्येक वर्षं तो गोठ्यामागे उभा आहे. इंजिन जाम.

मालक साठीचा गडी, मिसूरीहून आलेला. मी ओळख सांगितली. त्याने आप्पांना वर बसायला सांगितलं. आप्पा चढले आणि खाली न बघता त्यांचा हात बरोबर हाय-लोच्या दांड्यावर गेला. आठ पुढचे गिअर, दोन मागचे, सगळे त्यांनी हवेत टाकून दाखवले. मालकाने विचारलं तुमच्याकडे यावर काय काय करायचे. आप्पा बोलत गेले, मी सांगत गेलो. नांगरट, सरी, मळणी, पाण्याचा पंप, दोन-दोन ट्रॉल्या ऊस, आणि वऱ्हाड. वऱ्हाडाची गोष्ट त्या माणसाला इतकी आवडली की त्याने बायकोला बोलावून पुन्हा ऐकवायला लावली.

मग प्रश्न आला, जाम झालेलं इंजिन सोडवायचं कसं. बघता बघता पाच-सहा जण जमले. प्रत्येकाची रीत वेगळी, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचा नाही. दट्टा एका जागी गंजून धरला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सोडवता येण्यासारखं इंजिन कायमचं जातं. मी सगळं टिपून घेतलं.

शनिवार, मळणी

सकाळी लवकर वाफेच्या इंजिनांकडे. बंब पेटवून वाफ धरायला तास-दोन तास लागतात, त्यामुळे ही माणसं पहाटेच उठतात. केस कंपनीचं एक इंजिन मळणीयंत्रापासून बरंच लांब उभं केलेलं आणि मध्ये लांबलचक सपाट पट्टा, एक पीळ दिलेला. अंतर ठेवायचं ते ठिणग्या पेंढ्यात जाऊ नयेत म्हणून. पीळ दिल्याने पट्टा फडफडत नाही आणि चाकावर घट्ट बसतो. मधल्या जागेत कुणी पाऊल टाकत नाही.

इंजिन चालवणारी पंचविशीतली मुलगी होती. तिचं लक्ष लोकांकडे नव्हतं, पाण्याच्या काचेवर होतं. बंबातलं पाणी कमी झालं की आगीवरचा पत्रा उघडा पडतो, तापून मऊ होतो आणि बंब फुटतो. २००१च्या जुलैमध्ये ओहायोत मेडिनाच्या मैदानावर असाच अपघात झाला आणि पाच माणसं गेली. त्यानंतर बंबांच्या तपासणीकडे सगळीकडे जास्त काटेकोरपणे बघितलं जाऊ लागलं. हा छंद जिवाशी खेळ होऊ नये यासाठी जे लोक कागद आणि मोजमापं सांभाळतात, त्यांचे आभार मानायला हवेत.

शिट्टी झाली, पट्टा फिरू लागला. गाड्यावरून ओटच्या पेंढ्या कणसं पुढे करून आत टाकत होते. एका बाजूने धान्य पोत्यात, दुसरीकडून मोठ्या नळीतून पेंढा उडून ढीग. आप्पांना हे शिकवायला नको होतं. त्यांनी पोत्यात हात घालून धान्य तळव्यावर घेतलं, फुंकर मारली आणि पोतं धरणाऱ्याला मान हलवून दाद दिली. भुसा अगदी कमी निघाला.

रविवार, आइस्क्रीम आणि फोन

उन्हात छोट्या इंजिनांची रांग. एका जॉन डिअर इंजिनावर लाकडी पिंपातलं आइस्क्रीम फिरत होतं. ही इंजिनं ठरलेला वेग आला की स्फोटच करत नाहीत. एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा धरला जातो आणि चाक नुसतं फिरतं. वेग पडला की एक पुक्, पुन्हा फस्-फस्-फस्. आइस्क्रीम घट्ट होत गेलं तसे पुक् जवळ जवळ येऊ लागले. लहान मुलं नुसत्या आवाजावरून आइस्क्रीम झालं की नाही ते सांगत होती.

दुपारी बी ट्रेलरवर चढवला. संध्याकाळी आठला आप्पांनी गावी फोन लावला; तिकडे सोमवारची सकाळ, साडेसहा. फोन चुलतभावाने घेतला.

"आरं, गोठ्यामागं जा. बी-२७५चे चारही नोझल काढ. भोकातनं घाण आत जाऊ देऊ नको, फडकं लाव. मग प्रत्येक सिलिंडरमधी डिझेल आणि पातळ ऑइल, निम्मं-निम्मं, अर्धा कप. न्हाई, ओढायचा न्हाई! जेसीबी बी न्हाई आणि कुणाचा ट्रॅक्टर बी न्हाई. नुसतं भिजू दे."

तिकडून काहीतरी प्रश्न आला. आप्पांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "आजोबास्नी विचार, किती दिवस भिजवायचा?"

मी विचारलं. आजोबांनी दोन बोटं वर केली, मग जरा विचार करून तिसरंही.

"तीन आठवडे," आप्पांनी फोनवर सांगितलं. "आणि रोज सकाळी फ्लायव्हील पहारीनं हळू मागं-पुढं करून बघ. जोर लावू नको. जरा जरी हाललं तर लगेच मला फोन कर, इकडं रात्र असली तरी."